पीएचडीचं संशोधन आणि लोकांसाठी विज्ञान: कामांचा क्रम कसा लावायचा

जीवशास्त्रात संशोधन करणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना आपलं काम लोकांना सांगायचं असतं. सुरुवात मात्र हमखास उलट्या टोकाकडून होते. आधी चॅनल उघडतात, नाव आणि लोगो ठरतो, दोन व्हिडिओ होतात, आणि तिसऱ्याला विषय सुचेना म्हणून कालच्या जेलचा (डीएनए किंवा प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या पट्टीचा) फोटो टाकला जातो. तो निकाल अजून छापून आलेला नसतो, सहलेखकांना विचारलेलं नसतं आणि मार्गदर्शक नाराज होतात. मग 'संशोधन करताना हे असलं जमत नाही' असं म्हणून सगळं बंद पडतं.

खरं तर ही दोन्ही कामं एकत्र बसतात, फक्त त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत. साहित्य पहिल्या दिवसापासून जमवायचं आणि निष्कर्ष मात्र वेळ आल्यावरच बोलायचे. मधल्या काळात विषयाची पार्श्वभूमी आणि पद्धत यांवर लिहिण्याबोलण्यासारखं भरपूर असतं.

पुढे सगळीकडे एकच कल्पित उदाहरण घेतलं आहे. समजा, तुमचा विषय असा आहे: त्वचेवर राहणारा एक जिवाणू उंदरांच्या जखमेवर लावला तर जखम भरण्यात काय फरक पडतो? सातव्या दिवशी साध्या गटात जखमेचा सरासरी ४०% भाग भरलेला होता, तर जिवाणू लावलेल्या गटात ५२%. चौदाव्या दिवशी दोन्ही गटांच्या जखमा पूर्ण भरलेल्या होत्या.

## टप्पा १: काय बोलायचं आणि काय नाही, हे लेखी ठरवा

मार्गदर्शकांना नुसतं "मी लोकांसाठी लिहू का?" असं विचारू नका. मोघम प्रश्नाला "लिही की" असं मोघम उत्तर मिळतं आणि सहा महिन्यांनी दोघांना त्याचे वेगवेगळे अर्थ आठवतात. एका कागदावर तीन रकाने करा आणि तो कागद घेऊनच भेटा.

पहिला रकाना 'खुलं'. त्यात पाठ्यपुस्तकांतली माहिती, आधीच छापून आलेले शोधनिबंध, सर्वांना ठाऊक असलेल्या पद्धती आणि संशोधक दिवसभर नेमकं काय करतो हे सगळं येतं. दुसरा 'विचारून'. प्रयोगशाळेतले फोटो, सहकाऱ्यांचे चेहरे, प्राणी दिसतील अशी कुठलीही चित्रफीत, परिषदेतलं पोस्टर आणि प्रिप्रिंट (तज्ज्ञ परीक्षणाआधीच खुला केलेला निबंध) या रकान्यात टाका. तिसरा 'बंद'. अप्रकाशित निकाल, दुसऱ्या गटाने दिलेले नमुने आणि त्यांचा डेटा, रुग्णांची माहिती, उद्योगाशी झालेल्या कराराखालचं काम आणि मार्गदर्शकांकडे परीक्षणासाठी आलेले दुसऱ्यांचे निबंध. हा शेवटचा प्रकार पुष्कळ जण विसरतात. परीक्षणाचं हस्तलिखित तुमच्या हाती पडलं असेल, तर त्यातलं एक वाक्यही बाहेर जाता कामा नये.

भेट झाली की त्याच दिवशी 'आज असं ठरलं' एवढी ईमेल पाठवा. तुमच्या संस्थेत प्रसिद्धी विभाग असेल तर त्यांना आत्ताच कळवा. निकाल हातात आल्यावर कळवलंत तर घाईगर्दीत पडाल.

या टप्प्यावर चार ठिकाणी माणसं अडकतात.

पेटंट. आपल्या उदाहरणातला जिवाणू पुढे मलमात वापरता येण्यासारखा असेल, तर अर्ज दाखल होण्याआधी त्याविषयी जाहीर बोलणं महागात पडतं. युरोपात अर्जाआधी कुठेही जाहीर झालेली गोष्ट नवी मानली जात नाही. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटीकरणानंतर १२ महिन्यांची सवलत मिळते, पण ती सवलत बाहेर सगळीकडे चालत नाही. ब्लॉग, पोस्टर, सर्वांसाठी खुलं व्याख्यान, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध हे सगळं जाहीरच. शंका असली तर संस्थेच्या पेटंट विभागाला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

जर्नलचे नियम. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक फ्रान्झ इंगलफिंगर यांनी १९६९ मध्ये असा दंडक घातला, की निकाल आधी दुसरीकडे छापून आला असेल तर तो निबंध त्यांचं जर्नल घेणार नाही. त्याची सावली अजून आहे. जीवशास्त्रातल्या प्रिप्रिंटचं संकेतस्थळ बायोआर्काइव्ह २०१३ मध्ये सुरू झालं आणि आता जीवशास्त्रातली बहुतेक जर्नल प्रिप्रिंट चालवून घेतात. पण त्या प्रिप्रिंटची स्वतःहून प्रसिद्धी करण्याबाबत प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. निबंध जिथे पाठवणार त्या जर्नलचं प्रसिद्धीविषयक पान आधी वाचा.

माणसांचे नमुने. नाव काढून टाकलं की ओळख गेली, असं समजू नका. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशींचा जीनोम (संपूर्ण डीएनएचा क्रम) २०१३ मध्ये सर्वांसाठी खुला करण्यात आला, तेव्हा त्या पेशी ज्यांच्या शरीरातून आल्या त्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या कुटुंबाने आक्षेप घेतला. तो डेटा मागे घ्यावा लागला आणि नंतर तो पाहण्यासाठी परवानगीची पद्धत बसवावी लागली. दुर्मिळ आजार, वय आणि गावाचं नाव एका परिच्छेदात आलं तर रुग्ण कोण हे शेजाऱ्यालाही कळतं. संमतीपत्रात लोकांसाठीच्या वापराचा उल्लेख नसेल, तर त्या नमुन्याचा फोटोदेखील 'बंद' रकान्यात.

दुर्मिळ जातींचं ठिकाण. इंडोनेशियातल्या रोटे बेटावरच्या लांब मानेच्या कासवाचं, केलोडिना मॅककॉर्डीचं, १९९४ मध्ये वेगळी जात म्हणून वर्णन झालं. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी ते इतकं पकडलं गेलं की जंगलातून जवळजवळ संपलं. निसर्गातल्या नोंदी टाकण्याच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची नोंद आपोआप धूसर होते. खऱ्या जागेऐवजी ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकोनातला कुठलाही बिंदू दिसतो. तुमच्या स्वतःच्या पोस्टला मात्र असं कुंपण नसतं. फोटोच्या मेटाडेटातलं (फाइलमध्ये आपोआप साठणाऱ्या माहितीतलं) लोकेशन काढा, आणि मागे ओळखीचा डोंगर, पूल किंवा मैलाचा दगड दिसत नाही ना तेही पाहा.

> तपासणी: तीन रकान्यांचा कागद, मार्गदर्शकांचं ईमेलवरचं 'ठीक आहे' आणि सहलेखकांची यादी. या तीन गोष्टी हातात नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: संशोधनाच्या वेळापत्रकात जागा करा

आठवड्याला दोन-तीन तास पुरतात, पण ते ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी हवेत. 'पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) लावला की दीड-दोन तास मोकळेच' हा हिशेब फसवा आहे. त्या वेळात जेल ओतायचं असतं, बफर संपलेला असतो, कुणीतरी हाक मारतं. अशा तुकड्यांत मसुदा लिहू नका. फोटोंना नावं देणं, एखादा आकडा मूळ निबंधात जाऊन पडताळणं, चित्राखालची ओळ लिहिणं अशी सुटी कामं त्यात छान बसतात. लिहायला सलग दीड तास लागतो आणि तो प्रयोग नसलेल्या दिवशीच मिळतो.

विषयांचंही वेळापत्रक असतं. पहिल्या वर्षी तुम्ही नाहीतरी पन्नास-साठ निबंध वाचता. त्यातून पार्श्वभूमीचे लेख निघतात, जसं की जखम भरते म्हणजे नेमकं काय होतं, किंवा त्वचेवर जिवाणू राहतात तरी आपण आजारी का पडत नाही. मधल्या वर्षांत पद्धतीवर लिहा: नियंत्रण गट (तुलनेसाठी ठेवलेला गट) कशाला लागतो, मोजणाऱ्याला गट का सांगत नाहीत. निकालांची पाळी निबंध छापून आल्यावर. शेवटचे चार-सहा महिने प्रबंधाचे. त्यात नवं काही हाती घेऊ नका, आणि तसं आधीच जाहीर करून टाका.

पहिल्या १,००० ते १,२०० शब्दांच्या लेखाला पडताळणी धरून १२-१५ तास जातात असं धरून चाला. म्हणजे महिना-दीड महिन्याला एक. दर आठवड्याला एक लेख असा संकल्प करणाऱ्यांचं आधी संशोधन मागे पडतं आणि मागोमाग लेखनही.

## टप्पा ३: काम चालू असतानाच साहित्य जमवा

निबंध छापून येतो तेव्हा प्रयोग दीड-दोन वर्षं जुना झालेला असतो. उंदीर नसतात, प्लेट्स फेकलेल्या असतात, शेताची किंवा जंगलाची ती स्थिती परत येत नाही. म्हणून साहित्य प्रयोगाच्या वेळीच घ्या, वापरा मात्र नंतर.

१. प्रयोगवहीच्या प्रत्येक पानाखाली दोन ओळींची जागा ठेवा: आज काय अनपेक्षित झालं, आणि घरच्या माणसाने विचारलं असतं तर काय सांगितलं असतं. एवढंच. वर्षभरात यातून विषयांची यादी आपोआप तयार होते.

२. प्रत्येक प्रयोगाचे चार प्रकारचे फोटो घ्या: संपूर्ण जागा, काम करणारे हात, उपकरणाचा जवळून, आणि निकाल. व्हिडिओ असेल तर प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंद स्थिर धरा. तीन सेकंदांचा हलता तुकडा संकलनात कुठेच बसत नाही.

३. फाइलला लगेच नाव द्या: तारीख, प्रयोगाचा क्रमांक, काय आहे, कुणी काढला. 'विचारून' आणि 'बंद' रकान्यातले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. एकाच फोल्डरमध्ये असले की चुकीचा फोटो जातोच.

४. आवाज प्रयोगशाळेत रेकॉर्ड करू नका. बायोसेफ्टी कॅबिनेट आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरची घरघर नंतर काढता येत नाही. पडदे, गाद्या, पुस्तकं असलेल्या छोट्या खोलीत, माइक तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर ठेवून बोला.

> इशारा: ग्लव्हज घातलेल्या हाताने फोन धरू नका. ग्लव्हजवरचं काहीही फोनवर जातं आणि तिथून गालावर. फोटो काढायला दुसऱ्या व्यक्तीला सांगा. चित्रात ॲप्रन, ग्लव्हज, गॉगल नियमाप्रमाणे असलेच पाहिजेत. 'फोटोपुरता' काढलेला गॉगल सुरक्षा समितीच्या डोळ्यांतून सुटत नाही. प्राणी असतील तर प्राणीगृहाची परवानगी वेगळी लागते.

फोटो ठेवून देण्याआधी तो मोठा करून मागची बाजू बघा. फळ्यावरचं गणित, संगणकाच्या पडद्यावरचा आलेख, नळ्यांवरची रुग्णांची आद्याक्षरं, भिंतीवरचा पासवर्ड हे सगळं अशाच फोटोंतून बाहेर जातं.

## टप्पा ४: एकच दावा एका वाक्यात लिहा

इथे सर्वात जास्त वेळ द्या. लेख चुकतो तो बहुतेक वेळा इथेच, मग पुढे भाषा कितीही सोपी करा.

वाक्यात चार गोष्टी हव्यात: कुणावर पाहिलं, काय केलं, काय मोजलं, किती फरक पडला. आपल्या उदाहरणात ते असं होईल: 'उंदरांच्या जखमेवर त्वचेवरचा एक जिवाणू लावला तर सातव्या दिवशी जखमेचा ५२% भाग भरलेला दिसला, जिवाणू न लावलेल्यांत तो ४०% होता, चौदाव्या दिवशी मात्र दोन्ही गट सारखे होते.'

आता याच निकालाची नेहमी दिसणारी रूपं बघा.

'जिवाणूमुळे जखमा लवकर बऱ्या होतात.' यात उंदीर गायब झाले, आणि पूर्ण बरं व्हायला लागणारा वेळ कमी झाला असा अर्थ निघतो. तसं दिसलेलं नाही.

'जखम भरण्यात ३०% वाढ.' ४० वरून ५२ म्हणजे बारा टक्के-बिंदूंचा (पर्सेंटेज पॉइंटचा) फरक. चाळीसच्या तुलनेत काढला तर तीस टक्के. गणित चुकलेलं नाही, पण मूळ आकडे न देता फक्त ३०% लिहिलं की वाचक फसतो.

'जखमांवर नवा उपाय सापडला.' उपाय म्हणायला माणसांवरच्या चाचण्या व्हाव्या लागतात. त्या झालेल्या नाहीत.

हा दोष फक्त पत्रकारांच्या माथी मारू नका. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली आलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ निबंधांशी ताडून पाहिली होती. प्राण्यांवरच्या संशोधनाच्या पत्रकांपैकी ३६ टक्क्यांत माणसांबद्दल फुगवलेली विधानं होती. पत्रकच फुगवलेलं असलं, तर ८६% बातम्यांत तो फुगवटा उतरला. पत्रक नेमकं असलं तर १०% बातम्यांतच तो आढळला. म्हणजे संशोधकाच्या टेबलावरून जे वाक्य निघतं, तेच बऱ्याचदा पुढे जातं.

शीर्षकातच 'उंदरांमध्ये' हा शब्द घाला. शेवटच्या परिच्छेदात घातला तर तो कुणी वाचत नाही.

> तपासणी: तुमचं वाक्य आणि निबंधाचा सारांश शेजारी ठेवा. वाक्यातलं कोणतंही क्रियापद सारांशापेक्षा जोरकस आहे का? 'संबंध दिसला' याचं 'मुळे होतं' झालं आहे का? 'सूचित होतं' याचं 'सिद्ध झालं' झालं आहे का? झालं असेल तर मागे घ्या.

## टप्पा ५: आधी वाचक, मग माध्यम

'सर्वसामान्य जनता' हा वाचक नव्हे. एक माणूस डोळ्यांसमोर आणा: दहावीत जीवशास्त्र शिकलेली आणि आता वडिलांची मधुमेहातली जखम रोज धुणारी मुलगी, की शाळेत विज्ञान शिकवणारे सर? पहिलीला उपचार हवा असतो, म्हणून 'हा उपचार नाही, जखमेवर काहीही लावण्याआधी डॉक्टरांना विचारा' हे तिच्यासाठी वर, ठळक लिहावं लागतं. सरांना वर्गात दाखवता येईल असा प्रयोग किंवा आकृती हवी असते.

वाचक ठरला की माध्यम सहज ठरतं. हालचाल दाखवायची असेल (पेशी सरकणं, प्राण्यांचं वर्तन) तर व्हिडिओ. युक्तिवाद लांब असेल तर लेख. प्रश्न खूप येतील असा विषय असेल तर समोरासमोर बोलणं. तिन्ही एकदम करू नका.

सरावासाठी एक चांगलं साधन आहे: तीन मिनिटं आणि न हलणारी एकच स्लाइड. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेल्या 'थ्री मिनिट थीसिस' स्पर्धेचा हाच नियम आहे. स्पर्धेत भाग घ्या अथवा न घ्या, लेखाआधी तुमचा विषय या चौकटीत बसवून पाहा. जे तीन मिनिटांत बसलं नाही, ते बहुतेक पहिल्या लेखात नको असतं.

## टप्पा ६: मसुदा निबंधाच्या उलट्या क्रमाने लिहा

शोधनिबंध पार्श्वभूमीपासून निघून पद्धत, निकाल आणि मग अर्थ असा जातो. लोकांसाठीचा मजकूर उलटा चालतो: काय दिसलं आणि त्याने काय फरक पडतो, ते कसं कळलं, अजून काय कळलेलं नाही, आणि लागेल तेवढीच पार्श्वभूमी. 'प्राचीन काळापासून मानवाला जखमा होत आल्या आहेत' अशी सुरुवात दिसली की तो परिच्छेद सरळ काढा. काहीही बिघडत नाही.

शब्द. एका लेखात तीनपेक्षा जास्त नवे पारिभाषिक शब्द नकोत. पेशी, जनुक, प्रथिन, डीएनए हे शब्द वाचकाला ठाऊक असतात. मॅक्रोफेज, सायटोकाइन ठाऊक नसतात. नवा शब्द आणण्याआधी त्याचं काम सांगा: 'जखमेत आलेले जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज.' प्रयोगशाळेत 'प्रयोग फसला' म्हणजे पुष्कळदा फक्त उत्तर नकारार्थी आलं असा अर्थ असतो. बाहेर त्याचा अर्थ निष्काळजीपणा होतो. 'सिग्निफिकंट'चं भाषांतर 'लक्षणीय' करून सोडून देऊ नका. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक खरा वाटतो, एवढंच तो शब्द सांगतो. फरक मोठा आहे की किरकोळ, हे सांगत नाही.

उद्देश चिकटवू नका. 'जिवाणूंनी माणसाला मदत करायचं ठरवलं', 'जिराफाने पानांपर्यंत पोचायला मान लांब केली' अशी वाक्यं गोड वाटतात आणि उत्क्रांतीबद्दलचा गैरसमज पक्का करतात. 'ज्यांच्यात हा गुण होता त्यांची पिल्लं जास्त जगली' हे लिहायला चार शब्द जास्त लागतात, तेवढे लागू द्या.

आकडे. धोका सांगताना मूळ धोका आधी द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं, की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाण्याशी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढण्याचा संबंध आहे. मूळ धोका आयुष्यभरात शंभरात पाच असेल, तर तो सुमारे सहा होतो. नुसते १८% छापले की वाचकाला शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होणार असं वाटतं. त्याच वेळी हे मांस तंबाखूच्या गटात टाकलं म्हणून 'मांस तंबाखूइतकंच घातक' अशा बातम्या आल्या. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो. धोका किती मोठा आहे हे सांगत नाही.

आकारमान. मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहून उपयोग नाही, पण तुलना करताना गणित तपासा. ई. कोलाय साधारण २ मायक्रोमीटर लांब आणि केस ८० मायक्रोमीटर जाड धरला, तर केसाच्या रुंदीत चाळीस जिवाणू एका रांगेत बसतात. अशी तुलना मोजून पाहता येते. 'जिवाणू म्हणजे छोटे सैनिक' यात मोजण्यासारखं काहीच नाही, शिवाय वाचक पुढचं सगळं युद्धाच्या भाषेत समजतो.

अनिश्चितता. ती नेमकी सांगा. 'अधिक संशोधनाची गरज आहे' या वाक्यातून वाचकाला काही मिळत नाही. 'हे तरुण, निरोगी उंदरांवर पाहिलं आहे; मधुमेह असलेल्या उंदरांवर अजून पाहिलेलं नाही' यातून मिळतं.

> इशारा: चौदाव्या दिवशी दोन्ही गट सारखे होते, ही ओळ जागा वाचवायला गाळण्याचा मोह होतो. निकालाचा अर्थ बदलणारी ओळ कितीही कंटाळवाणी असली तरी राहिलीच पाहिजे.

## टप्पा ७: चित्रं

फ्लुओरेसन्सची (चमकणाऱ्या रंगांनी पेशींचे भाग दाखवणारी) लाल-हिरवी चित्रं लाल आणि हिरवा रंग वेगळे न दिसणाऱ्यांना निरुपयोगी ठरतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये असे सुमारे ८% असतात. लालऐवजी मॅजेंटा घ्या, हिरवा तसाच ठेवा. बहुतेक प्रतिमा-सॉफ्टवेअरमध्ये हा बदल दोन क्लिकचा आहे. स्केल बार (लांबी दाखवणारी रेघ) चित्रातच ठेवा. '४०० पट मोठं केलेलं' हा मजकूर चित्र लहान-मोठं झालं की खोटा ठरतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची चित्रं मुळात करडीच असतात. रंग भरले असतील तर तसं खाली लिहा. उजळपणा वाढवायचा असेल तर तो संपूर्ण चित्राचा, आणि तुलना असेल तर दोन्ही चित्रांचा सारखाच वाढवा.

हक्कांचा प्रश्न अनेकांना उशिरा कळतो. तुमच्याच निबंधातली आकृती तुमचीच असते असं नाही. हक्क प्रकाशकाकडे दिले असतील तर परवानगी घ्या किंवा आकृती नव्याने काढा. निबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'सीसी बाय' परवान्याखाली असेल तर श्रेय देऊन, परवान्याचा दुवा देऊन आणि बदल केला असल्यास तसं सांगून वापरता येते. इंटरनेटवर 'सापडलेलं' चित्र वापरू नका.

## टप्पा ८: दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घ्या

एकाकडून अचूकता, दुसऱ्याकडून समज. एकच माणूस दोन्ही कामं करू शकत नाही, कारण विषय जाणणाऱ्याला मजकुरातली भोकं दिसत नाहीत. ती तो मनातच भरून घेतो.

जाणकाराला 'कसं वाटलं?' असं विचारू नका. 'यातलं कोणतं वाक्य परिषदेत माझ्या नावावर वाचलं गेलं तर तुम्ही हात वर कराल?' असं विचारा. विषयाबाहेरच्या वाचकाला तर प्रश्नच नको. लेख वाचायला द्या, दहा मिनिटं दुसऱ्या गप्पा मारा, आणि मग त्याला आठवेल ते सांगू द्या. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका, फक्त लिहून घ्या. पाच जणांपैकी दोघांनी 'माणसांच्या जखमा' म्हटलं, तर वाचकांची समज कमी पडलेली नाही, मजकूर चुकला आहे.

बदल झाले की 'विचारून' रकान्यातल्या गोष्टींसाठी अंतिम मजकूर मार्गदर्शकांना आणि सहलेखकांना पाठवा. मुदत स्पष्ट द्या, साधारण सात दिवस. उत्तर आलं नाही म्हणजे संमती मिळाली असं धरू नका, पुन्हा विचारा.

## टप्पा ९: प्रसिद्धी आणि त्यानंतरचे दोन दिवस

एम्बार्गो (ठरलेल्या वेळेआधी प्रसिद्ध न करण्याची जर्नलची अट) असेल तर तारीख, वेळ आणि टाइम झोन तिन्ही लिहून ठेवा. वेळ लंडनची की न्यू यॉर्कची, यात गोंधळ होऊन पोस्ट आधीच जाते. आपोआप प्रकाशित होणारी पोस्ट लावत असाल तर उशिराच्या बाजूने तासभर सोडा.

मजकुरात मूळ निबंधाचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) द्या. प्रिप्रिंट असेल तर 'अजून तज्ज्ञ परीक्षण झालेलं नाही' हे पहिल्या दोन परिच्छेदांत. निधी कुणी दिला, आणि जिवाणूवर पेटंट अर्ज असेल तर तोही सांगा. दुसऱ्या कुणी शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं.

पहिले दोन दिवस प्रतिक्रियांसाठी मोकळे ठेवा, म्हणजेच मोठा प्रयोग त्या आठवड्यात लावू नका. खरा प्रश्न असेल तर उत्तर द्या. 'माझ्या आईच्या जखमेला लावू का?' याला एकच उत्तर: नाही, डॉक्टरांकडे जा. शिवीगाळ आली तर वाद घालू नका. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, धमकी असेल तर संस्थेला लगेच कळवा. गैरसमज खोडताना तो शीर्षकात पुन्हा लिहू नका. आधी बरोबर काय ते सांगा, मग चूक काय ते.

पत्रकाराचा फोन आला तर बोलण्याच्या अटी बोलण्याआधी ठरवा. 'हे छापू नका' असं बोलून झाल्यावर म्हणण्याला अर्थ नसतो. संपूर्ण बातमी आधी दाखवा असा हट्ट बहुतेक पत्रकार मानत नाहीत. स्वतःची अवतरणं आणि आकडे तपासायला मागितले तर पुष्कळदा मिळतात. टप्पा ४ मधलं वाक्य लेखी पाठवून द्या.

चूक निघाली तर गुपचूप बदलू नका. मजकूर दुरुस्त करा आणि वर तारीख घालून काय बदललं ते लिहा. चूक मूळ निबंधातच असेल तर आधी सहलेखक, मग जर्नल, आणि त्यानंतर लोकांसाठीचा मजकूर, याच क्रमाने.

## टप्पा १०: हे काम प्रबंधात आणि नोंदींत आणा

लोकांसाठीचा मसुदा प्रबंधाच्या प्रस्तावनेला उपयोगी पडतो, कारण दाव्याचं एक वाक्य आधीच तयार असतं. शब्दशः उचलू नका. साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला लेखक तुम्हीच आहात हे कळत नाही. विभाग परवानगी देत असेल तर प्रबंधात सर्वांसाठी एक वेगळं प्रकरणही घालता येतं. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात रसायनशास्त्राचे पीएचडी विद्यार्थी असं प्रकरण लिहितात, आणि जीवशास्त्रात ते न जमण्याचं काही कारण नाही. परवानगी मात्र प्रबंधाचा आराखडा मंजूर होतानाच मागा.

बायोडाटात 'विज्ञानप्रसाराची आवड' असं लिहू नका. शीर्षक, तारीख, माध्यम आणि तुमचं नेमकं काम (लेखन, आकृत्या, संकलन) लिहा.

प्रयोगशाळा सोडण्याच्या महिनाभर आधी एक यादी करून मार्गदर्शकांच्या हाती द्या: प्रयोगशाळेच्या नावाने चालणाऱ्या खात्यांचे पासवर्ड, फोटोंचं मूळ फोल्डर, कोणता फोटो कोणत्या रकान्यातला, आणि 'बंद' मधल्या कोणत्या गोष्टी निबंध छापून आल्यावर 'खुलं' मध्ये हलवायच्या. स्वतःच्या नावाचं खातं तुमच्याबरोबर येतं. अप्रकाशित फोटो येत नाहीत.